पांढऱ्या पट्ट्यांची पुस्तकं

पहिलीच्या अ वर्गात चित्रांची एकवीस पुस्तकं होती आणि त्यातल्या एकातही वाचण्यासारखं काही नव्हतं. नव्या पालकांना हे कळलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. पानापानावर चित्र, आणि चित्राखाली जिथे मजकूर असायचा तिथे कागदाची पांढरी पट्टी चिकटवलेली. "मग पोरं शिकणार काय? डोंबल?" असं एका आजोबांनी भर सभेत विचारलं होतं. वर्गाच्या बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "आधी चित्र बघतील, मग बोलतील, मग बोललेलं लिहितील. डोंबल दुसऱ्या सत्रात."

ही अर्थात जुनी गोष्ट. तेव्हा बाईंना उलट उत्तरं सुचायची.

पट्ट्यांची हकीकत अशी. सव्वीस वर्षांपूर्वी, बाई नोकरीला नव्यानव्या लागल्या त्या साली, कुठूनशी देणगी म्हणून शाळेत एक खोकं आलं. उघडलं तर आत चित्रांची पुस्तकं. जाड कागद, रंग असे की हात लावल्याशिवाय राहवू नये. पण मजकूर कुठल्या भाषेतला, कुठल्या लिपीतला, ते कुणाच्या बापाला कळेना. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी खोकं अडगळीत टाकायला सांगितलं. बाईंनी ते उचलून वर्गात नेलं आणि पहिल्याच दिवशी मुलांनी त्यांना भंडावून सोडलं. बाई, इथं काय लिहिलंय? बाई, आणि इथं? थाप मारता आली असती, पण नोकरीचं पहिलं वर्ष होतं, अंगात तत्त्वं होती. बाईंनी पुस्तकं घरी नेली, सगळ्या मजकुरावर कोऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, "इथं अजून कुणी काहीच लिहिलेलं नाही. काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

त्यातून हळूहळू एक पद्धत बसली. मुलानं एक पान निवडायचं, बाईंच्या शेजारच्या बुटक्या स्टुलावर येऊन बसायचं आणि चित्राकडे बघून एक वाक्य बोलायचं. बाई ते वाक्य वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात, अगदी फिकट पेन्सिलीनं लिहून द्यायच्या. मग मुलानं आपल्या पेन्सिलीनं त्यावरून हात फिरवायचा आणि खाली तेच एकदा आपलं आपण लिहायचं. शनिवारी हे लिहिलेलं पान घरी जायचं, घरात कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, सोमवारी परत यायचं. अर्धं वर्ष सरलं की मुलं बाईंच्या अक्षरांची वाट न बघता स्वतःच लिहायला लागायची. मात्रा उडालेल्या असायच्या, अक्षरं उलटी पडलेली असायची, पण वाक्य ज्याचं त्याचं असायचं.

आणि त्यासाठी बाईंनी स्वतःला एकच नियम घालून घेतला होता. मूल जे बोलेल ते लिहायचं. सुधारायचं नाही, नटवायचं नाही, खोडायचं तर नाहीच. एकदा तपासणीचे साहेब आले. भिंतीवर राजाचं चित्र होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, राजाला जोरात शी लागली आहे. साहेबांनी भुवया उंचावून विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, "त्याचा चेहरा बघा ना." साहेबांनी चेहरा बघितला, घसा खाकरला आणि पुढच्या वर्गात गेले.

पुढचा वर्ग म्हणजे पहिली ब. तिथल्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे गिरवणीबाई म्हणायची. त्यांच्या वर्गात एका अक्षराच्या शंभर ओळी गिरवल्याशिवाय दुसरं अक्षर दिसत नसे. दोघी बाई मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर डबा खायच्या आणि एकमेकींच्या वर्गाबद्दल मूग गिळून बसायच्या. मैत्री टिकली ती त्यामुळेच.

घरी बाईंना बाई म्हणणारं कुणी नव्हतं. घरी त्या धाकट्या होत्या, आणि मोठी होती ताई. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये एक टेबल, आणि आयुष्यभर या दोघी. लग्न दोघींचंही झालं नाही. का झालं नाही याची उत्तरं नातेवाइकांकडे ढिगानं होती, त्यामुळे दोघींनी ती शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

ताई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. दाभण, मेण लावलेला दोरा आणि खळ यावर तिचा हात असा बसलेला की बोलता बोलता वही शिवून व्हायची. आणि ती बोलता बोलता नसे अशी वेळच नव्हती. देणगीची ती एकवीस पुस्तकं सव्वीस वर्षं टिकली ती ताईमुळे. पोरांच्या हातानं पाठ फाटली की ताई कापडाची पट्टी लावून पुन्हा उभी करायची. वर्षाअखेर एकेका मुलाची पानं गोळा करून त्यांचं शिवलेलं पुस्तकही तीच करून द्यायची. "तुझे लेखक फार उधळे गं," ती म्हणायची. "एका पानाला एक वाक्य. कागद काय झाडाला लागतो?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई मळलेल्या पट्ट्या भिजवून काढायच्या आणि नव्या लावायच्या. खळ ताई कारखान्यातून वाडग्यात घेऊन यायची. यंदाच्या सुट्टीतही तसंच चाललं होतं. दुपारचा दीड वाजला होता, ताईची दुपारची पाळी होती. बाईंचं नववं पुस्तक सुरू होतं. ताईची जन्माची एक खोड होती. घरातून निघायचं म्हटलं की तिला दहा गोष्टी आठवायच्या, आणि त्या सगळ्या ती एक चप्पल पायात आणि एक हातात अशी दारात उभी राहून सांगायची. बाईंचीही एक खोड होती. त्या मान वर न करता 'हं' म्हणायच्या. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या दुपारी ताई दारातून काहीतरी म्हणाली. बाईंची पट्टी वाकडी बसत होती. त्या म्हणाल्या, "हं." ताई गेली.

चार वाजता कारखान्यातून फोन आला. ताई कापायच्या यंत्राजवळच्या स्टुलावर जरा टेकते म्हणून बसली होती, ती उठलीच नाही. फोन घेताना बाईंचा धक्का लागून खळीचं वाडगं टेबलावर कलंडलं.

ताई शेवटचं काय म्हणाली, हे त्यानंतर सगळ्यांनी विचारलं. लोकांना हे विचारायची फार हौस असते. बाई म्हणायच्या, आठवत नाही. ते खरं नव्हतं. आठवायला ते आधी आत तरी जायला हवं होतं. छातीत जड वाटतंय म्हणाली असेल, किंवा येताना साबण आणते म्हणाली असेल. दोन्हीला बाई 'हं'च म्हणाल्या असत्या.

आलेगेले सगळे एका सुरात म्हणाले, किती धीराची आहे हो! डोळ्यांतून टिपूस नाही! धीर कसला डोंबलाचा. दात काढल्यावर गाल बधिर होतो, बोट लावलं तरी दुसऱ्याच्याच गालाला लावल्यासारखं वाटतं, तशा त्या सगळ्याच बधिर झाल्या होत्या. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. टेबलाला त्यांनी हात लावला नाही. खळ सांडली तशीच वाळली, तिच्यात दोन पट्ट्या आणि कात्री चिकटून बसली. टेबलाकडे पाठ करून, ओट्याशी उभ्यानं त्या दोन घास खायच्या. यंदा नऊ पुस्तकांना नव्या पट्ट्या होत्या आणि बाराला जुन्या मळक्याच राहिल्या.

शाळा उघडली. बाई पहिल्या दिवशी वेळेवर हजर. हजेरी, प्रार्थना, चित्रांचा तास, डबा, सगळं घड्याळाच्या काट्यावर. मुलं स्टुलावर येऊन बोलायची, त्या लिहून द्यायच्या. सव्वीस वर्षांचा सराव होता, हाताला डोक्याची गरज लागत नव्हती. खरी भानगड तीच होती.

यंदाच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणायचे. नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं आणि ते इतकं फिट बसलेलं की हजेरीतल्या नावाला ती ओ देत नसे. अंगानं एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. तिचं बोलणं ऐकायचं तर कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. पहिला दीड महिना ती स्टुलावर बसून नुसती चित्र बघायची आणि उठून जायची. मग एक दिवस बोलली. "कुत्रा ओला आहे." बाईंनी लिहिलं, तिनं गिरवलं. त्यानंतर ती रोज एक वाक्य द्यायला लागली आणि तिची अक्षरं वर्गात सगळ्यांत नीट यायला लागली.

तिसऱ्या महिन्यात तिनं एक पान निवडलं. मळक्या पट्टीचं. चित्रात एक बाई खिडकीशी पाठमोरी उभी, बाहेर नुसतं आभाळ, आणि मागे शेगडीवर दुधाचं पातेलं काठोकाठ वर आलेलं. सव्वीस वर्षांत या चित्राला शेकड्यानं वाक्यं मिळाली होती.

"बोल," बाई म्हणाल्या.

मुंगी बोलली. वाक्य जरा लांब होतं. बाईंची नजर पानावर होती, कानही वाकवलेला होता. त्या म्हणाल्या, "हं." आणि हातानं लिहिलं : आई दूध तापवते.

मुंगीला वाचता येत नव्हतं. तिनं जिभेचं टोक बाहेर काढून ती तीन शब्दांची ओळ गिरवली, खाली पुन्हा लिहिली आणि कोपऱ्यात शेगडी काढून तिला लाल रंग दिला. शनिवारी पान घरी गेलं.

सोमवारी मुंगी स्टुलावर आली नाही. मंगळवारी बाईंनी हात धरून आणली, तर बसली, पण चित्राकडे बघितलं नाही. कागद पुढे केला तर दोन बोटांनी तो हळूच मागे सारला. पेन्सिल दिली तर बाकावर आडवी ठेवली. आठवडा असा गेला. एरवी बाईंनी जिवाचं रान केलं असतं. आता त्यांनी वहीत नोंद केली, लिहीत नाही, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुंगीची आई आली. ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. मनगटावर इस्त्रीचे जुने-नवे डाग, आणि परत जायची घाई. पदराआडून तिनं ते पान काढलं.

"बाई, राग मानू नका. पण त्या दिवशी आमच्या मोठीनं हे वाचून दाखवलं. चौथीत आहे ना ती, घडाघडा वाचते. तर ही म्हणाली, मी असं म्हटलंच नव्हतं. मोठी म्हणते, इथं असंच लिहिलंय. दोघींची जी काय जुंपली!"

"मग?"

"मग काय, मीच मध्ये पडले. म्हटलं, बाईंनी लिहिलंय ना, मग तू तसंच म्हटलं असशील." तिनं पान बाईंच्या पुढे धरलं. "तेव्हापासून पेन्सिल धरत नाही हो. घरी बोलते, खाते, भांडते, सगळं करते. लिही म्हटलं की म्हणते, लिहिलं की ते दुसरंच होतं."

बाईंनी पान हातात घेतलं. अक्षर त्यांचं होतं, वर मुंगीची पेन्सिल फिरलेली होती.

"ती काय म्हणाली होती?"

"ते मला नाही सांगत. म्हणते, बाईंना सांगितलंय."

सव्वीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. राजाची शी लिहिली होती, बापाची दारू लिहिली होती, 'मला ही शाळा आवडत नाही' हे वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं. आणि आता वाचता न येणाऱ्या पोरीच्या हातून दुसऱ्याचंच वाक्य गिरवून घेतलं होतं. बाईंना कळत होतं की आपल्याला शरम वाटायला हवी. ती कुठे आहे हेही साधारण ठाऊक होतं. हाताशी येत नव्हती, एवढंच.

मुख्याध्यापिकांना शाळेत मोठ्या बाई म्हणत. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांना फक्त सगळं तक्त्यात बसलेलं लागायचं. त्यांनी वही बघितली आणि बाईंना बोलावलं. "तुमचं सगळं समजतं हो मला. यंदा तुमच्यावर काय प्रसंग आलाय तेही माहीत आहे. पण तीन आठवडे झाले, मुलीनं एक अक्षर काढलेलं नाही. या शनिवारपर्यंत बघा. नाहीतर सोमवारपासून तिला ब मध्ये बसवू. तिथं निदान हात तरी वळेल."

हात नक्की वळला असता. गिरवणीबाई कामाला चोख होत्या. शंभर ओळी, मग शंभर ओळी, वर्षाअखेर मुंगीचं अक्षर मोत्यासारखं झालं असतं. आणि लिहिणं म्हणजे दुसऱ्याचं वाक्य आपल्या हातानं काढणं, हे तिनं जन्मभरासाठी ओळखलं असतं. तिनं ते एकदा पाहिलंच होतं. ब वर्गात त्यावर शिक्का बसला असता. बाईंना हे लख्ख दिसत होतं. मध्येच त्यांच्या मनात आलं, जाऊ दे ना तिला, बरंच होईल. ते इतक्या सहज आलं की बाई बसल्या जागी गार पडल्या.

मग त्यांनी आठवडाभर खटपट केली. रंगीत पेन्सिली आणल्या. मुंगीनं त्या उंचीनुसार ओळीनं लावून ठेवल्या. मळकी पट्टी काढून त्या चित्राखाली नवी पांढरीशुभ्र लावली. मुंगीनं तिच्यावर बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं. शेवटी बाई ओळखायला बसल्या.

"आई खिडकीतून बघते?"

मुंगीनं मान हलवली. नाही.

"दूध वर आलं?"

नाही. म्हणजे थोडं थोडं हो, पण नाही.

"आई कुणाची तरी वाट बघते?"

"ती आई नाहीये," मुंगी म्हणाली. इतक्या आठवड्यांतलं तिचं स्टुलावरचं हे पहिलं बोलणं.

"मग कोण आहे? परत एकदा सांग ना मला."

मुंगीनं बाईंकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "मी सांगितलं होतं."

"हो, पण आता परत सांग."

"मग तेव्हा तुम्ही काय केलं?"

याचं उत्तर बाईंना ठाऊक होतं, पण ते वर्गात द्यायचं नव्हतं.

शनिवार उजाडला. सकाळची अर्ध्या दिवसाची शाळा. चित्रांचा तास सुरू झाला तेव्हा बाईंच्या डोक्यात काहीही बेत नव्हता. मुंगी स्टुलावर येऊन बसली, कारण तिची पाळी होती आणि ती पाळी मोडणारी मुलगी नव्हती. बाईंनी ते पान पुढे ठेवलं. आई दूध तापवते. विसरले म्हणावं, असं त्यांच्या जिभेवर आलं. विसरणं कुणालाही माफ असतं. ताईबद्दलही त्या सगळ्यांना हेच सांगत आल्या होत्या.

"मुंगी," त्या म्हणाल्या, "तू बोललीस ते मी ऐकलंच नाही."

मुंगीनं मान वर केली.

"मी 'हं' म्हणाले. पण ऐकलं नाही. आणि मग माझ्या मनात आलं ते लिहून टाकलं."

बाईंचा आवाज वर्गात पोचायचाच. सव्वीस वर्षांची सवय. पुढच्या बाकावरची कुजबुज थांबली. कुणीतरी विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही खोटं लिहिलं?"

"हो."

"पण का?" हे मुंगीनं विचारलं.

बाईंनी विचार केला. मुलांना सांगण्यासारखं एखादं गोल उत्तर सापडतंय का ते बघितलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला हल्ली ऐकूच येत नाही. कान चांगले आहेत. पण आत जात नाही."

मुंगीनं यावर मान डोलावली. पहिलीतल्या मुलाला हे पटायला काहीच अडचण नसते.

मग बाईंनी आपली फिकट पेन्सिल तिच्या हातात दिली. त्या पेन्सिलीला वर्गात कुणी हात लावत नसे. "हे वाक्य माझं आहे, तुझं नाही. खोड ते."

या वर्गात आजवर कुणी काही खोडलं नव्हतं. एक मुलगी घाबरून म्हणाली, "बाई, मोठ्या बाई ओरडतील." बाई म्हणाल्या, "ओरडू दे." मुंगीनं आधी एक बारीक रेघ मारली. बाई काही बोलत नाहीत असं बघून दुसरी मारली. मग तिनं ते असं खोडलं, असं खोडलं, की कागद चकाकायला लागला आणि एका जागी भोक पडलं.

बाईंनी नवा कागद घेतला आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला. मुंगीनं पेन्सिल पाठीमागे नेली.

"तुम्ही नका लिहू," ती म्हणाली. "मी लिहिते."

आणि ती लिहायला बसली. तोपर्यंत तिनं बाईंच्या अक्षरांशिवाय एक शब्दही लिहिलेला नव्हता. एकेक अक्षर ती ओठांत पुटपुटायची, भिंतीवरच्या तक्त्यात शोधायची, उठून जवळ जाऊन बघून यायची, मग काढायची. तास संपला. मधली सुट्टी झाली, मुलं डबे घेऊन बाहेर गेली. बाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. गिरवणीबाई दारात डबा घेऊन आल्या, आत बघितलं आणि एकट्याच खायला गेल्या.

शेवटी मुंगीनं कागद सरकवला. "वाचा."

बाईंनी कागद उचलला. दोन ठिकाणी त्यांना थांबून अक्षर लावावं लागलं. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"ती बाई खिडकीत होती. दूध उतू गेलं. जळलं. तिला वासच आला नाही."

वर्गात दोघीच होत्या. बाहेर मुलांचा गलका चालला होता.

"असंच लिहिलंय?" मुंगीनं विचारलं.

"असंच."

"बदलू नका."

"नाही बदलणार." बाईंनी कागद बाकावर ठेवला आणि दोन्ही तळवे त्याच्या दोन बाजूंना टेकवले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. कित्येक महिन्यांत त्यांनी कुणाला काही विचारलं होतं ते कामापुरतंच. हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. "मग पुढं काय झालं गं?"

मुंगी डबा उघडण्याच्या घाईत होती. "पुढं काय," ती म्हणाली, "पुसलं तिनं."

शाळा सुटताना मोठ्या बाईंनी कागद चष्मा खालीवर करून तीनदा वाचला. मात्रांचा पत्ता नाही म्हणाल्या, वेलांट्या उलट्या आहेत म्हणाल्या, आणि हे जरा उदास नाही का वाटत, असंही म्हणाल्या. मग त्यांनी तो परत दिला. "राहू दे तिला तुमच्याकडे."

बाई घरी आल्या तेव्हा एक वाजून गेला होता. त्यांनी पिशवी खुंटीला लावली आणि बऱ्याच महिन्यांनी टेबलाकडे तोंड केलं. वाळलेली खळ पिवळी पडली होती, तिच्यावर धुळीचा थर होता. आणि तिला आंबूस, कोंदट वास येत होता. तो आज सुरू झालेला नव्हता, हे उघड होतं.

त्यांनी बादलीत पाणी आणि हातात फडकं घेतलं. खळ काही एका हातानं निघाली नाही. आधी भिजवावी लागली, मग नखांनी खरवडावी लागली. कात्री सुटली. एक पट्टी अख्खी निघाली, दुसरीचा लगदा झाला. हात चालू असताना कधीतरी बाई रडायला लागल्या. चांगल्या हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत, सुट्टीत पडलेल्या पोरासारख्या. पाणी दोनदा बदललं. टेबलाचं लाकूड दिसायला लागलं.

दीड वाजला होता. दार उघडंच होतं. बाई फडकं हातात धरून खुर्चीवर बसल्या, त्याच खुर्चीवर, आणि या खेपेला त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "काय म्हणालीस? मी ऐकलं नाही."

दारात कुणी नव्हतं. बाई तरी बराच वेळ ऐकत राहिल्या.